फळ्यांखालचा पारा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, लग्न केलेले नाही, जुन्या कारखान्यांच्या जागा तपासण्याचे काम पस्तीस वर्षे केले, आता निवृत्त, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते ते असे की:

माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्यासाठी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत गेले. मध्ये एकदा त्यांचेच चुकले, ते मी दाखवून दिले. माझा स्वभाव तापट आहे हे सर्वांना माहीत आहे. तो कारखान्यातून आला असे माझा भाऊ म्हणतो. तो आईकडून आला.

नऊ वर्षांपूर्वी मी एक पानभर मृत्युपत्र केले होते, ते रद्द समजावे. त्यात खोटे काही नव्हते, पण खरेही फारसे नव्हते.

वकील म्हणाले, "बाई, कोणाला काय द्यायचं तेवढंच लिहा. आत्मचरित्र नंतर." नंतर म्हणजे कधी, हे त्यांनी सांगितले नाही. म्हणून दोन्ही इथेच लिहिते. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक तेच राहतील. त्यांनी यातले एकही वाक्य गाळू नये, कंटाळा आला तरी.

कलम १. माझ्या नावावर काय आहे

नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावरची दगडी इमारत. तळमजला आणि वरचा मजला, दोन्हीकडची जमीन लाकडी फळ्यांची. रस्त्याच्या बाजूला सात आणि मागच्या आवाराकडे सात, अशा चौदा खिडक्या. बंद होऊन एकतीस वर्षे झाली तरी गावात तिला अजून थर्मामीटरचा कारखानाच म्हणतात. दुसरे, मी राहते ते तीन खोल्यांचे घर. तिसरी, बँकेतली शिल्लक. चौथी, कामाची हत्यारे, वह्या आणि बूट. सोने नाही. असते तर भावाने आतापर्यंत विचारले असते.

कलम २. इमारत कशी वापरली गेली

वडिलांनी हा कारखाना चाळीस वर्षे चालवला. काच ते स्वतः फुंकायचे. नळीत पारा भरायचे काम तळमजल्यावरच्या लांब खोलीत चाले. तिथे अकरा माणसे होती. कारखान्याचे नियम दोनच. पहिला, सकाळी जो आधी येईल त्याने आधी सगळ्या खिडक्या उघडायच्या, मग कोट काढायचा. दुसरा, जमिनीवर पाऱ्याचा थेंब दिसता कामा नये.

पहिला नियम शहाणपणाचा होता. पाऱ्याची वाफ दिसत नाही, तिला वास नाही, आणि बंद उबदार खोलीत ती वाढते. वडिलांना हे पुस्तकातून नाही, त्यांच्या उस्तादांच्या पडलेल्या दातांवरून कळले होते. दुसऱ्या नियमाने घात केला. पारा भरताना सांडायचाच. थेंब दिसला की बाबा असे बघायचे की माणूस पायाने, फडक्याने, मिळेल त्याने तो दिसेनासा करायचा. संध्याकाळी ओला भुसा टाकून जमीन अशी झाडली जायची की पाहुण्यांनी तोंडात बोट घालावे. थेंब फळ्यांच्या फटींत गेलेले असायचे. रोज थोडे, चाळीस वर्षे. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण आमच्या घरात फार कौतुकाने सांगितली जायची. तळे कुठे आहे हे कोणी विचारले नाही.

मीही सकाळी बाबांबरोबर जायचे. खिडक्यांच्या कड्या काढायचे काम माझे होते. त्या क्रमाने काढायच्या, रस्त्याकडच्या आधी. ते हाताला इतके बसले की अजून कोणाच्याही घरी गेले तरी मी आधी खिडकीकडे जाते. लोकांना वाटते मला उकडते.

वडिलांच्या पश्चात इमारत मला आणि बाजारातले दुकान व नवे घर भावाला, अशी वाटणी झाली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. भावाची आहे, ती कलम सातमध्ये.

कलम ३. बावीस वर्षांपूर्वीचा अहवाल

हे कलम नीट वाचावे. बाकी सगळे यातून निघते.

बावीस वर्षांपूर्वी जुन्या वास्तूंच्या समितीने इमारत आपल्या यादीत घेतली. बाहेर पाटी लागणार होती, त्यावर वडिलांचे नाव. इमारत पुन्हा वापरात आणायची तर आधी जागेची तपासणी करून अहवाल द्यायचा, असा कायदा. अहवालाचे काम आमच्याच कार्यालयाकडे आले. आपल्या नात्यातली जागा आपण तपासायची नाही, असा नियम आमच्याकडे होता. तो मीच लिहिला होता. मग सही माझ्या सहकाऱ्याची आणि काम माझे, अशी पळवाट काढली. या सहकाऱ्याला आम्ही सावकाश म्हणायचो, कारण ते कोणतेही काम तसेच करायचे. हे मी तेव्हा चेष्टेने म्हणत होते.

बाबा त्या वेळी अंथरुणाला खिळले होते आणि दिवसातून दोनदा विचारायचे, "पाटी कधी लागणार?"

थंडीचे दिवस. मी सकाळी आठला कुलूप काढून आत गेले. सावकाश पाऱ्याच्या वाफेचा मीटर घेऊन साडेनऊला आले. मधल्या वेळात मी काय केले? आत शिरल्याबरोबर रस्त्याकडच्या सात आणि आवाराकडच्या सात, चौदाच्या चौदा खिडक्या उघडल्या. विचार करून नाही. कोट काढायच्या आधी उघडल्या. दीड तास तिथून गार वारा वाहत होता आणि मग आम्ही त्या खोलीतली हवा मोजली, तीही उभ्याने, आमच्या नाकाच्या उंचीवर. मीटरचा काटा हलला नाही.

सावकाश म्हणाले, "एखादी फळी उचलून बघू या का?"

मी म्हणाले, "अहो, या जमिनीवर मी रांगले आहे. उचलून काय दिसणार?"

"तुम्ही म्हणाल तसं," ते म्हणाले.

त्याच दुपारी कार्यालयात हात धुताना मला खिडक्या आठवल्या. नळ चालू होता. मी हात पुसले, जागेवर आले आणि अहवाल टाईप करायला दिला. त्यात लिहिले होते, "आक्षेपार्ह काही आढळले नाही." खिडक्यांचा उल्लेख नव्हता. खिडक्या उघडल्या ती सवय होती हे मी शपथेवर सांगते. परत गेले नाही, ती सवय नव्हती.

पाटी लागली. भावाने बाबांना गाडीतून नेऊन दाखवली. घरी आल्यावर त्यांनी मला विचारले, "जागा स्वच्छ निघाली ना?" मी हो म्हणाले. सात आठवड्यांनी ते गेले.

सबब मी असे जाहीर करते की तो अहवाल चुकीचा आहे, तो मी जाणूनबुजून तसा राहू दिला, आणि त्याचा कोणी कुठेही आधार घेऊ नये. कार्यालयाला लेखी दुरुस्ती दिली आहे, पोच सोबत जोडली आहे. तिथला कारकून म्हणाला, "मॅडम, अहवालावर हरकत घ्यायची मुदत साठ दिवस असते." मी म्हणाले, "मी माझ्यावरच हरकत घेते आहे." तो म्हणाला, "तरी साठच दिवस." शेवटी पोच मिळाली, पण त्यासाठी मला तिथे आवाज चढवावा लागला.

कलम ४. शिवणवाल्या बाई

पाटी लागल्यावर तळमजल्यावरची लांब खोली मी एका शिवणवाल्या बाईंना भाड्याने दिली. त्या दवाखान्यांचे पांढरे कोट शिवायच्या. माणूस अतिशय टापटिपीचा. रस्त्यावरची धूळ कापडावर बसू नये म्हणून त्या खिडक्या बंद ठेवायच्या. इस्त्री दिवसभर तापलेली, थंडीत पायाशी हीटर. अकरा वर्षे त्या तिथे बसल्या.

आत आलं की आधी खिडक्या उघडायच्या, हे त्यांना कोणी सांगितले नाही. सांगणारी मीच होते, महिन्यातून एकदा जात होते. एकदा म्हणालेही, "हवा येऊ द्या की जरा."

"ताई, कापड पांढरं आहे हो," त्या म्हणाल्या.

कापड खरोखर पांढरे होते. मी भाडे घेतले आणि घरी आले.

नवव्या वर्षी त्यांची चिडचिड वाढली, झोप गेली. दहाव्या वर्षी हात थरथरू लागला. अकराव्या वर्षी त्या माझ्या घरी आल्या, याच टेबलापाशी बसल्या आणि म्हणाल्या, "सुईत दोरा जात नाही. डोळे तपासले, डोळे चांगले आहेत. हातच ऐकत नाही. तुमच्या जागेत काही आहे का हो?"

मी उठून अहवाल आणला आणि शिक्क्यासकट समोर ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, घडी पडली होती तिथे बोटाने सरळ केला आणि परत दिला.

"सरकारी शिक्का आहे म्हणजे बरोबरच असणार," त्या म्हणाल्या. "मग माझंच काहीतरी."

दोन महिन्यांनी त्यांनी जागा सोडली. मशीन विकले. आता पुलापलीकडे बहिणीकडे राहतात. मला माझी लाज वाटते. हे वाक्य वकिलांना नको होते.

या कलमाच्या पुढच्या चार ओळींत मी माझे राहते तीन खोल्यांचे घर या शिवणवाल्या बाईंना कायमचे दिले होते. त्या चार ओळींवर आता आडवी रेघ आहे आणि बाजूला माझी सही आहे. कारण शेवटी लिहिले आहे.

कलम ५. भाची

भावाची मुलगी, म्हणजे माझी भाची, वय चौतीस. ती गेल्या वर्षी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आत्या, तो कारखाना मला दे ना. मी पाळणाघर काढते." तिने तीन वर्षे दुसऱ्याच्या पाळणाघरात काम केले आहे. मुले तिचे ऐकतात, जे माझे कधी मोठ्यांनीही ऐकले नाही. मी किल्ली दिली. तिने खिडक्यांच्या चौकटी पिवळ्या रंगवल्या आणि भिंतीला, मांडीच्या उंचीवर, बावीस खुंट्या ठोकल्या. बावीस आयांनी नावे दिली होती.

त्या खुंट्या बघितल्या त्या दिवशी मी तिला म्हणाले, "उघडायच्या आधी मला दोन दिवस दे." चौदाही खिडक्या बंद केल्या. फटींत कागद कोंबला. चार हीटर लावून खोली दोन दिवस तापू दिली. मग मीटर घेऊन आत गेले आणि या वेळी जमिनीवर पोटावर झोपून, रांगणाऱ्या मुलाचे नाक जिथे येईल तिथे तो धरला. मर्यादेच्या सव्वीस पट.

भाचीला बाहेर उभी करून मी कोपऱ्यातली एक फळी उचलली. खालच्या भरावात पारा होता. डाग नाही, कण नाही. फळी हलल्याबरोबर तो बाजूने ओघळला. वाटीभर तरी असेल, एका फळीखाली. खोलीत एकशे चाळीस फळ्या आहेत.

तिने दारातूनच विचारले, "आत्या, तुला आधी माहीत होतं का?"

मी हो म्हणाले.

ती पोरगी रडली नाही, भांडली नाही. तिने बावीस आयांना स्वतः फोन केले, एकीलाही खोटे कारण दिले नाही. मग किल्ली माझ्या टेबलावर ठेवून गेली. चार महिने झाले, ती माझ्याशी बोलत नाही. कोणाच्या तोंडाला कुलूप लागले तर ते तोडायला मी कधी गेले नाही, याही वेळी गेले नाही. पण मला तिची आठवण येते.

इमारत या भाचीला दिली आहे. इतर कोणाचा तिच्यावर हक्क नाही.

कलम ६. इमारतीच्या अटी

इमारत पाडायची नाही. भिंती चांगल्या आहेत, छप्पर चांगले आहे, दोष जमिनीत आहे. पाडली तर जे फळ्यांखाली आहे ते धुळीबरोबर सगळ्या रस्त्यावर जाईल आणि मग कोणाच्या घरात किती गेले याची तपासणी करायला माझ्यासारख्या पन्नास बाया लागतील.

दोन्ही मजल्यांच्या सगळ्या फळ्या काढाव्यात. त्या जाळू नयेत, विकू नयेत, "जुनं लाकूड आहे, टेबल छान होईल" असे म्हणणाऱ्याला आवारातही घेऊ नये. खालचा भराव तुळयांपर्यंत उकरून बंद पिंपांत भरून विषारी कचऱ्याच्या ठेकेदाराकडे द्यावा आणि त्याची पावती घ्यावी. तुळया आणि गुडघ्यापर्यंतचा गिलावा खरवडावा. उरल्यासुरल्या पाऱ्याला गंधकाची पूड मारावी, ती त्याला बांधून ठेवते. काम करणाऱ्यांना नाकावर नीट मुखवटे द्यावेत, रुमाल नव्हे.

त्यानंतर खिडक्या बंद करून, दोन दिवस खोल्या तापवून, हवा मोजावी. एकदा थंडीत, एकदा मधल्या दिवसांत, एकदा ऐन उन्हाळ्यात. मोजणारा माणूस नात्यातला नसावा, मैत्रीतला नसावा, आणि त्याने या इमारतीचे कौतुक कधी ऐकलेले नसावे. मीटर रांगत्या मुलाच्या नाकाशी धरावा. अहवालात खिडक्या उघड्या होत्या की बंद, हे पहिल्या ओळीत लिहावे.

तिन्ही वेळा हवा चांगली निघाली तर भाचीने तिथे पाळणाघर काढावे, किंवा तिला वाटेल ते. एकदाही वाईट निघाली तर इमारत बंद ठेवावी, बाहेरून बघायला ती तशीही छान आहे.

या सगळ्याचा खर्च माझ्या शिल्लकीतून करावा. कलम चारमधले राहते घरही आता विकून त्याच कामात घालावे.

कलम ७. भाऊ

माझा धाकटा भाऊ सहासष्ट वर्षांचा आहे आणि घरात त्याला अजून बाळ म्हणतात. मापे घेऊन मी परत आले त्या रात्री त्याचा फोन आला.

"ताई, जुनं कशाला उकरतेस?"

मी म्हणाले, "उकरणं हाच माझा धंदा होता."

"तुझा अहवाल आहे ना हातात? बाजारभाव चांगला चाललाय. विकून टाकू, घेणारा त्याचं बघून घेईल. बाबांच्या नावाला काळिमा कशाला?"

"घेणाऱ्याची पोरं असतील," मी म्हणाले.

"तू नेहमी असंच करतेस," तो म्हणाला. काय नेहमी करते, ते मला कळले नाही. मी बावीस वर्षांत पहिल्यांदा केले होते.

भावाचे बाबांवर माझ्याहून जास्त प्रेम होते, हे मी मान्य करते. आजारपणात सगळे त्याने केले, मी फक्त पाटीचे सांगायला जायचे. त्याला बाबांची काच फुंकायची शेगडी, चिमटे आणि कातडी हातमोजे द्यावेत. हातमोजे आधी तपासून घ्यावेत.

त्याच्या दिवाणखान्यात बाबांनी केलेला शेवटचा थर्मामीटर भिंतीला टांगलेला आहे. तो त्याने ठेकेदाराकडे जमा करावा. माझ्याकडे तशा बारा नळ्या खोक्यात आहेत, त्याही जमा कराव्यात. आठवण म्हणून कोणी एकही ठेवू नये. नळी फुटते.

इमारतीवर तो दावा लावेल, असे वकिलांना वाटते. लावला तर कलम तीन आणि सोबतचे कागद कोर्टात वाचून दाखवावेत, मोठ्याने. त्यानंतर त्याला हवी असेल तर त्याने इमारत मागावी.

कलम ८. हत्यारे

माती काढायचे लांब गिरमिट, नमुन्यांच्या नळ्या आणि पाऱ्याच्या वाफेचा मीटर माझे जुने सहकारी सावकाश यांना द्यावा. त्या दिवशी फळी उचलून बघू या का, असे त्यांनी विचारले होते. विचारणारे ते एकटे होते. त्यांची सही त्या अहवालावर माझ्या भिडेपोटी आहे, कार्यालयाने त्यांना दोष देऊ नये, तसे मी दुरुस्तीतही लिहिले आहे. मागच्या महिन्यात त्यांना फोन करून सगळे सांगितले. ते म्हणाले, "मला वाटलंच होतं. पण तुमच्यापुढे बोलायची कोणाची टाप होती?" हे मी माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून नोंदवते.

वह्या कार्यालयाला. बूट टाकून द्यावेत.

कलम ९. पाटी

वडिलांच्या नावाची पाटी काढू नये. त्यांनी अकरा घरे चाळीस वर्षे चालवली, हे खरे आहे. तिच्याखाली तेवढ्याच आकाराची दुसरी पाटी लावावी. तिच्यावर जमिनीखाली काय सापडले, किती सापडले, ते कधी काढले आणि कोणी लपवले, हे चार ओळींत असावे. माझे नाव मोठ्या अक्षरात नको, बारीकही नको. वडिलांच्या नावाएवढे.

माझ्यामागे कोणी भाषणे करू नयेत. मी कशी कडक शिस्तीची होते, हे तर मुळीच सांगू नये.

सह्यांपूर्वीची नोंद

आज सह्या करायला डॉक्टर आणि वकील घरी आले. शिवणवाल्या बाईंनाही मी बोलावले होते, कारण कलम चार त्यांना माझ्या तोंडून ऐकवायचे होते. मागच्या आठवड्यात त्यांच्याकडे जाऊन मी सगळे सांगून आले होते. तेव्हा त्यांनी एकच विचारले होते, "म्हणजे माझं काही नव्हतं?" मी म्हणाले होते, "नाही. माझं होतं."

कलम चार वाचून झाले. त्या हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या, एका हाताने दुसरा धरून.

"घर मला?" त्यांनी विचारले.

"हो."

"कशाबद्दल?"

"आत्ता वाचलं ना."

"वाचलंत ते ऐकलं. घर कशाबद्दल, ते विचारते आहे."

मी कागद त्यांच्यापुढे सरकवला. मग त्या वकिलांकडे वळल्या. "साहेब, ज्याला काही मिळणार आहे, त्याला साक्षीदार होता येतं का?"

"नाही हो," वकील म्हणाले. "साक्षीदार झालात तर घर सोडावं लागेल."

"मग मला साक्षीदार करा."

मी चिडले. डॉक्टरांसमोर चिडले, त्यांनी हवे तर दाखल्यात तसे लिहावे. मी म्हणाले, "वेड्यासारखं काय करता? तीन खोल्या आहेत, दिवसभर ऊन येतं, बहिणीकडे किती दिवस काढणार?"

"ताई, मी घर घेतलं की लोक काय म्हणणार? हिला मिळालं ना घर, मग आता आणखी काय पाहिजे. अकरा वर्षं मी खोलीत बसले आणि त्याच्यापुढे तेवढीच वर्षं माझंच काहीतरी म्हणून घरात बसले. बहिणीलाही तसंच सांगितलं. आता मला बोलायचंय." त्या परत वकिलांना म्हणाल्या, "भांडण झालं तर साक्षीदाराला कोर्टात बोलावतात ना?"

"बोलावतात."

"मग झालं तर."

वकिलांनी माझ्याकडे पाहिले. डॉक्टर खिशात पेन शोधत राहिले. मी कलम चारच्या चार ओळींवर आडवी रेघ मारली आणि बाजूला सही केली. रेघेबद्दलचा खुलासा कलम चारमध्ये आणि घर विकून कामात घालण्याचे वाक्य कलम सहामध्ये त्यानंतर लिहिले. ते घर देऊन मला हलके वाटेल, असे मी धरून चालले होते. तसे झाले नाही, हे इथे नोंदवते.

वरील सर्व मजकूर मी पूर्ण शुद्धीवर, राजीखुशीने, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत मान्य करून त्याखाली सही करते.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघराचे टेबल.
दिनांक: १४ मार्च २०१९, दुपारी सव्वाचार.

लिहून ठेवणारी: (सही)

साक्षीदार पहिला, डॉक्टर: (सही)

साक्षीदार दुसरी, पूर्वी पांढरे कोट शिवणाऱ्या: (सही)

दुसऱ्या साक्षीदाराच्या सहीबाबत खुलासा: ही सही करायला सहा मिनिटे लागली. अक्षरे एकमेकांवर चढली आहेत, शेवटची दोन रेघेखाली गेली आहेत. मनगट धरू का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "नको. हलतंय तसंच दिसू दे कागदावर." अक्षर असे आहे म्हणून ही सही कोणी खोटी धरू नये.